१९७२ सालच्या शेवरोले सी-१० पिकअपच्या हीटरची दुरुस्ती : प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर

गाडी १९७२ सालची शेवरोले सी-१० आहे. १९६७ साली सुरू झालेल्या पिढीचे हे शेवटचे वर्ष. इंजिन ३५० घनइंची व्ही-८, वातानुकूलन नाही आणि हीटर मूळचाच. बॉडी आणि ब्रेक यांचे काम पूर्वीच झाले असल्यामुळे गाडी नियमित चालते, परंतु थंडीत ती रस्त्यावर काढणे योग्य नाही. हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही रबरी नळ्या आधीच्या कोणीतरी काढून टाकल्या आहेत आणि इंजिनावरची दोन्ही तोंडे एकाच वाकड्या नळीने परस्पर जोडून दिली आहेत. असा जोड दिसला की हीटरचा कोअर (गरम पाणी फिरवून वाऱ्याला ऊब देणारी छोट्या रेडिएटरसारखी जाळी) गळत होता आणि दुरुस्ती टाळण्यासाठी तो वगळला गेला, असे बहुधा समजावे. हीटर ही सोयीची वस्तू मानली जाते. माझ्या मते ते बरोबर नाही. समोरच्या काचेवरचे धुके आणि हिम काढणारी यंत्रणा तीच असल्यामुळे तिची गणना वायपर आणि दिव्यांच्या बरोबरीने व्हायला हवी.

काम सुरू करण्याआधी उष्णतेचा मार्ग नीट डोळ्यांसमोर आणला. इंजिनात तापलेले कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाच्या) पुढच्या भागातून, थर्मोस्टॅटच्या (ठरावीक तापमानाला उघडून कूलंट रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेच्या) शेजारून, ५/८ इंची नळीने निघते, हीटरच्या कोअरमधून फिरते आणि ३/४ इंची नळीने वॉटर पंपाच्या ओढत्या बाजूला परत येते. थर्मोस्टॅट बंद असतानाही हा मार्ग मोकळा असतो, म्हणून रेडिएटर अजून थंडगार असला तरी हीटर गरम होऊ लागतो. या गाडीत पाणी अडवणारा कॉक नाही. कोअरमधून कूलंट बारा महिने वाहत असते आणि केबिनमध्ये किती ऊब यावी हे हीटरच्या पेटीतली एक झडप ठरवते, जी वाऱ्याचा काही भाग कोअरमधून आणि काही भाग कोअरला वळसा घालून पाठवते. तेव्हा ऊब कमी येण्याचे कारण इंजिनाच्या तापमानात, पाण्याच्या प्रवाहात, वाऱ्याच्या जोरात, झडपांच्या बसण्यात किंवा विजेच्या जोडांत कुठेही असू शकते, आणि जुन्या गाडीत ते बहुतेक वेळा थोडे थोडे सगळीकडेच असते. नवा कोअर आणून बसवला आणि ऊब तरीही आली नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते ती यामुळेच. मी प्रत्येक टप्प्यावर मोजमाप घेणार आहे आणि मोजल्याशिवाय कोणताही भाग बदलणार नाही.

पहिले मोजमाप आजच घेतले. इंजिन अर्धा तास चालवल्यावर थर्मोस्टॅटच्या घरावर ७० ते ७२ अंश सेल्सिअस एवढेच तापमान मिळाले. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर खरे तापमान दाखवत नाही, त्यामुळे मोजायच्या जागी आधी काळी चिकटपट्टी लावून घेतली. एवढ्या थंड इंजिनाकडून चांगल्या हीटरलाही पुरेशी उष्णता मिळणार नाही.

६ ऑक्टोबर

इंजिन पूर्ण निवल्यावर रेडिएटरचे झाकण उघडले आणि कूलंट एका बंद होणाऱ्या डब्यात काढून घेतले. कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. कुत्री-मांजरे ते चाटतात, म्हणून जमिनीवर सांडलेले थेंबही लगेच पुसून धुऊन काढले. निघालेले कूलंट तपकिरी होते आणि तळाशी गंजाचा गाळ बसला होता.

थर्मोस्टॅटवर १६० हा आकडा ठोकलेला आहे, म्हणजे तो १६० अंश फॅरनहाइटला, सुमारे ७१ अंश सेल्सिअसला उघडतो. कालच्या मोजमापाशी हे तंतोतंत जुळते. इंजिन तापते अशी शंका आली की कमी अंशांचा थर्मोस्टॅट घालून मोकळे होण्याची पद्धत जुनी आहे, पण त्यातून मूळ कारण सापडत नाही, तेलातली ओल उडून जात नाही आणि हीटर मात्र कायमचा कोमट होतो. या इंजिनासाठी १९५ अंश फॅरनहाइटचा, म्हणजे सुमारे ९१ अंश सेल्सिअसचा थर्मोस्टॅट योग्य आहे. नवा आणलेला थर्मोस्टॅट बसवण्यापूर्वी पाण्याच्या भांड्यात तळाला टेकणार नाही असा दोऱ्याने टांगला, शेजारी थर्मामीटर ठेवला आणि पाणी हळूहळू तापवले. ९० अंशांच्या आसपास तो उघडू लागला आणि पाणी उकळीला आले तेव्हा जवळजवळ पूर्ण उघडला होता. नवा भाग आहे म्हणून तो बरोबरच असेल असे गृहीत धरण्याचे कारण नाही, आणि ही चाचणी चहाच्या वेळेत होऊन जाते. बसवताना थर्मोस्टॅटची मेणाची डबी (तापल्यावर आतले मेण फुगून तो उघडतो) इंजिनाच्या बाजूला राहील याची काळजी घेतली.

खरा अडथळा थर्मोस्टॅटच्या शेजारी सापडला. इनटेक मॅनिफोल्डमध्ये बसवलेली, हीटरकडे पाणी देणारी पोलादी नळकांडी बाहेरून ठीक दिसत होती, पण वाकडी नळी काढून आत बॅटरीचा उजेड टाकला तेव्हा भिंतीवर गंजाचे थर चढत जाऊन मधोमध जेमतेम ५ मिलिमीटरचे भोक उरलेले दिसले. मूळ भोक सुमारे १२ मिलिमीटरचे आहे. व्यास निम्म्याहून कमी झाला की वाट एक षष्ठांशाच्या जवळ येते, आणि एवढ्या वाटेने हीटरला लागणारे पाणी जाणे शक्य नाही. नळकांडी गंजून पक्की बसली होती. गंज सोडवणारे तेल मारून तिला रात्रभर तशीच ठेवले आहे.

७ ऑक्टोबर

नळकांडी सुटली. जुन्या आट्या टॅप फिरवून स्वच्छ केल्या आणि आट्यांवर सीलंट लावून पितळी नळकांडी बसवली.

इंजिन ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना, खाली तेलाच्या पॅनच्या थोडे वर, पाणी काढण्याचे एकेक बूच असते. रेडिएटर रिकामा केला म्हणजे इंजिन रिकामे झाले असे नव्हे. ही बुचे उघडल्याशिवाय सिलिंडरांभोवतीचे जुने पाणी आणि त्याच्या तळाचा गाळ तसाच राहतो. डावे बूच काढताच पाणी आले, उजव्या बुचाच्या भोकातून काहीच आले नाही. ताठ तारेने आत टोचल्यावर आधी काळपट चिखल आणि मग पाणी सुटले. वरून साधे पाणी सोडत, खालून तार फिरवत, पाणी नितळ येईपर्यंत दोन्ही बाजू धुतल्या. हा गाळ आत राहिला असता तर नव्या कूलंटबरोबर तो कोअरच्या अरुंद नळ्यांत जाऊन बसला असता, म्हणून कोअरला हात लावण्याआधी हे काम उरकणे आवश्यक होते.

१२ ऑक्टोबर

आज हीटरची पेटी बाहेर काढली. पेटीचे दोन भाग आहेत : ब्लोअरचा (हवा ढकलणाऱ्या पंख्याचा) भाग इंजिनाच्या बाजूला फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर), आणि कोअर व झडपा असलेला भाग केबिनमध्ये डॅशबोर्डखाली उजवीकडे. केबिनमधला भाग धरून ठेवणारे नट इंजिनाच्या बाजूने आहेत आणि त्यांतला एक उजव्या बाजूच्या आतल्या मडगार्डमागे दडलेला आहे. मडगार्डचे बोल्ट सैल करून पत्रा थोडा खाली ओढल्यावर पाना आत जाऊ शकला. या नटाकडे दुर्लक्ष करून पेटी आतून जोराने ओढली तर तिचा कान तुटतो, आणि तुटलेल्या कानाच्या पेट्या जुन्या गाड्यांत पुष्कळ पाहायला मिळतात.

कोअरच्या तोंडांवर जुन्या नळ्यांचे बोटभर तुकडे अजून घट्ट चिकटून होते. ते पकडीने पिळून काढायचे नाहीत. कोअरची तोंडे पातळ पितळेची असून ती कोअरच्या टोकाच्या टाकीला केवळ डागाने (सोल्डरने) जोडलेली असतात. पिळले की डाग तडकतो. धारदार पात्याने रबराला लांबीच्या दिशेने, धातूला पाते लागणार नाही एवढ्या खोलीपर्यंत चीर दिली आणि रबर केळीच्या सालीसारखे सोलून काढले.

केबल सोडण्याआधी तिन्ही केबलींची छायाचित्रे घेतली आणि प्रत्येकीवर ती कोणत्या झडपेची आहे हे लिहिलेली चिकटपट्टी लावली. केबलचे बाहेरचे वेष्टण कोणत्या खुणेवर पकडले आहे, हेही रंगाच्या ठिपक्याने नोंदवून ठेवले.

पेटीत उंदरांचे जुने घरटे निघाले. असे घरटे कोरडे झाडू नये किंवा व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नये, कारण उंदरांच्या विष्ठेची धूळ श्वासात जाणे धोक्याचे असते. काही भागांत त्यातून हंताविषाणूचा संसर्ग होतो. हातमोजे आणि मास्क घालून त्यावर पाण्यात मिसळलेले ब्लीच फवारले, ते चांगले भिजू दिले आणि मग ओले असतानाच उचलून पिशवीत बंद केले.

१३ ऑक्टोबर

कोअर तांब्या-पितळेचा, मूळचा आहे. त्याची आधी वाहण्याची आणि मग गळण्याची चाचणी घेतली.

साध्या नळाखाली १० लिटरची बादली ५० सेकंदांत भरते. तेच पाणी कोअरमधून सोडले तेव्हा बादली भरायला १ मिनिट ५० सेकंद लागले. कोअर पूर्ण तुंबलेला नाही, पण त्याच्या काही नळ्या बंद आहेत हे उघड होते. पाणी उलट्या दिशेने, म्हणजे जिथून ते एरवी बाहेर पडते त्या तोंडातून, कमी दाबाने सोडले. गंजाच्या पापुद्र्यांबरोबर पांढरट क्षाराचे कण निघाले. त्यानंतर कोमट पाण्यात ५ टक्के सायट्रिक आम्ल विरघळवून ते कोअरमध्ये भरून ठेवले, अधूनमधून हलवले, दिवसअखेर ओतून दिले आणि खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन उरलेले आम्ल मारले. हे आम्ल सौम्य आहे, तरी डागाच्या सांध्यांवर ते दिवसेंदिवस ठेवू नये. शेवटच्या मोजणीत बादली १ मिनिट ५ सेकंदांत भरली. नळाच्या मूळ वेगाच्या इतके जवळ आल्यावर आणखी खटपट करण्यात अर्थ नव्हता.

गळती शोधण्यासाठी एक तोंड रबरी बुचाने बंद केले, दुसऱ्याला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह जोडला आणि कोअर टबातल्या पाण्यात बुडवून हवा भरली. या गाडीच्या रेडिएटरचे झाकण १५ पीएसआयचे, म्हणजे जवळजवळ १ बारचे आहे, त्यामुळे कोअरवरचा दाब साधारण तेवढाच असतो आणि चाचणीतही तो तेवढ्यावरच थांबवावा. ०.५ बारपर्यंत काही दिसले नाही. ०.८ बारला बाहेर जाणाऱ्या तोंडाच्या मुळाशी, टाकीला जिथे डाग आहे तिथे, मोहरीएवढ्या बुडबुड्यांची एक सरळ माळ वर येऊ लागली. कोअर हलवून पाहिला तरी तिची जागा बदलली नाही. बाकीचा कोअर पूर्ण कोरडा होता.

हा डाग का सुटला हे समजल्याशिवाय तो पुन्हा देण्यात अर्थ नाही. तोंडाच्या पितळेवर क्लिप जास्त आवळल्याची खोल खूण आहे आणि तोंड किंचित लंबगोल झाले आहे. शिवाय फायरवॉलपासून इंजिनापर्यंत नळ्यांना मध्ये आधार देणारी पट्टी गाडीत राहिलेली नाही. चालत्या इंजिनाबरोबर हलणाऱ्या, पाण्याने भरलेल्या नळीचे सगळे वजन त्या एका सांध्यावर येत होते. डाग रेडिएटरचे काम करणाऱ्या अनुभवी कारागिरांकडून घ्यायचे ठरवले आहे. टाकीचा शेजारचा डाग वितळू न देता हा एकच सांधा तापवणे हे सरावाचे काम आहे. ॲल्युमिनियमचा नवा कोअर मिळतो आणि तो हलकाही असतो, पण जो मूळ कोअर एका सांध्याखेरीज सर्वत्र निकोप आहे तो टाकून देणे मला पटत नाही.

१९ ऑक्टोबर

कोअर कारागिरांकडे असताना पेटीचे काम हाती घेतले, आणि या दुरुस्तीतला सर्वांत मोठा लाभ इथेच झाला असे मला वाटते.

पेटीत तीन झडपा आहेत. एक बाहेरची हवा आत घेते, दुसरी हवा कोअरमधून किंवा कोअरला टाळून पाठवते, आणि तिसरी ती पायांकडे किंवा काचेकडे वळवते. तिन्हींच्या कडांना कारखान्यात फोम लावलेला होता, जो झडप मिटली की दबून फट बंद करतो. पन्नास वर्षांनंतर या फोमचा बोट लावताच चुरा होत होता. तापमानाच्या झडपेची एक लांब कड तर नुसत्या पत्र्याची राहिली होती. झडप पूर्ण ‘गरम’वर असतानाही त्या कडेला २० सेंटिमीटर लांब आणि ५ मिलिमीटर रुंद फट उरते, म्हणजे १० चौरस सेंटिमीटरची वाट थंड हवेला सदैव उघडी.

याचा परिणाम किती होतो याचा साधा हिशेब करता येतो. बाहेर ५ अंश असताना कोअरमधून निघालेली हवा ६० अंशांची आहे आणि एकूण हवेचा एक चतुर्थांश भाग फटीतून तसाच पुढे जातो असे धरले, तर दोन्ही मिसळून केबिनमध्ये पोचणारी हवा सुमारे ४६ अंशांची असेल. कोअर कितीही चांगला असला, पाणी कितीही तापलेले असले, तरी हे चौदा अंश त्या कडेवर हरवतात. हीटर दुरुस्त करणारे बहुतेक जण पाण्याचा भाग पाहून थांबतात. वाऱ्याच्या वाटेकडेही तेवढेच बारकाईने पाहिले पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

जुना फोम आणि त्याखालचा वाळलेला गोंद प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढला, पत्रा पॉलिश पेपरने घासला, गंजाच्या जागी प्रायमर दिला आणि दोन दिवस वाळू दिला. नवा फोम निवडताना तो बंद पेशींचा असावा हे पाहिले. उघड्या पेशींचा मऊ फोम पाणी शोषतो, पत्र्याला ओल लावून ठेवतो आणि त्यातून हवाही झिरपते. जाडी ठरवण्यासाठी झडपेच्या कडेवर मळलेल्या मातीची बारीक वळी ठेवली, झडप मिटली, आणि दबलेल्या मातीची जाडी कॅलिपरने मोजली. एका टोकाला ती ४ मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला ६ मिलिमीटर भरली, यावरून झडपेचा दांडा किंचित झुकला असल्याचे कळले. दांड्याच्या टोकाची झिजलेली नायलॉनची बुशी बदलल्यावर दोन्ही टोके सारखी झाली. मग ८ मिलिमीटरचा फोम लावला, जो मिटताना जवळजवळ निम्मा दबतो. याहून जाड फोम लावला असता तर झडप त्यावर अडून पूर्ण मिटलीच नसती आणि केबलवर विनाकारण ताण आला असता.

पेटी तात्पुरती जोडून आत पेटता दिवा ठेवला आणि खोलीत अंधार केला. दोन भागांच्या सांध्यात एका ठिकाणी उजेडाची बारीक रेघ दिसली, तिथे न वाळणारी सीलिंगची पट्टी दाबून बसवली. फायरवॉलला टेकणाऱ्या कडेलाही हीच पट्टी लागणार आहे, कारण त्या फटीतून इंजिनाचा वास आणि धूर केबिनमध्ये येऊ शकतो.

२० ऑक्टोबर

ब्लोअरच्या पंख्याचा पहिला वेग लागत नव्हता आणि तिसरा वेगही मंद वाटत होता. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्यांची कारणेही वेगळी निघाली.

पहिल्या वेगाचे कारण रेझिस्टर. वेग कमी करण्यासाठी मोटरच्या वाटेत रोधतारेची वेटोळी घातलेली असतात आणि ती थंड राहावीत म्हणून वाऱ्याच्या मार्गातच बसवलेली असतात. सर्वांत कमी वेगात वीज सगळ्या वेटोळ्यांतून जाते, मधल्या वेगात काहींमधून, आणि सर्वांत जास्त वेगात त्यांना टाळून थेट मोटरला पोचते. त्यामुळे फक्त खालचा वेग गेला असेल तर मोटरवर संशय घेण्याचे कारण नसते. उंदराच्या घरट्यातल्या काड्या वेटोळ्यांना चिकटून त्यांची हवा अडत होती, आणि एक वेटोळे जळून तुटले होते. अशा तारेवर साधा डाग नीट धरत नाही, आणि धरला तरी तापल्यावर सुटतो, म्हणून पूर्ण रेझिस्टर बदलला.

तिसऱ्या वेगाचा मंदपणा शोधण्यासाठी मोटर चालू ठेवून मल्टिमीटरने ठिकठिकाणचा व्होल्टेज ऱ्हास मोजला. तार सोडून नुसता तिचा ओहम मोजण्याने येथे काही कळत नाही, कारण दहा धाग्यांपैकी एकच धागा जोडलेला असला तरी मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. खरा दोष भरपूर वीज वाहत असतानाच उघड होतो. बॅटरीवर १२.४ व्होल्ट असताना मोटरच्या टोकांवर केवळ ९.८ मिळत होते. हरवलेल्या २.६ व्होल्टपैकी ०.७ फ्यूजच्या चिमट्यांवर, ०.९ पंख्याच्या स्विचमध्ये, ०.३ फायरवॉलवरच्या जोडणीत आणि ०.५ मोटरच्या अर्थिंगवर जात होते, उरलेले ०.२ तारांच्या लांबीत, जे स्वाभाविक आहे. मोटर ६ अँपिअर घेत होती, म्हणजे सुमारे १५ वॅट एवढी शक्ती या जोडांना तापवण्यात खर्च होत होती. स्विचच्या प्लगवरचे प्लास्टिक एका पिनेभोवती पिवळे पडून वितळू लागलेले होते. हीटर सुरळीत चालला असता आणि ब्लोअर रोज पूर्ण वेगाने फिरला असता, तर ही जागा आगीचे कारण ठरू शकली असती.

फ्यूजचे चिमटे घासून चकचकीत केले आणि त्यांची पकड घट्ट केली, स्विच आणि त्याचा प्लग बदलला, अर्थिंगच्या स्क्रूखालचा रंग पत्रा दिसेपर्यंत काढला आणि बसवल्यावर वरून ग्रीस लावले. फ्यूज मूळ क्षमतेचाच ठेवला आहे. मोटर उघडून कार्बन ब्रश पाहिले, त्यांची लांबी पुरेशी आहे. कम्युटेटरच्या (ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या कड्याच्या) खाचांतली काजळी लाकडी काडीने काढली आणि दोन्ही टोकांच्या सच्छिद्र ब्राँझ बुशींना हलक्या तेलाचे मोजके थेंब दिले. आता पूर्ण वेगात मोटरवर ११.९ व्होल्ट येतात, आणि पंख्याचा आवाज ऐकूनच फरक कळतो.

२६ ऑक्टोबर

कोअर परत आला. सुटलेला सांधा पूर्ण उघडून, पितळ उजळ करून, नव्याने डाग दिला आहे आणि तोंड पुन्हा गोल केले आहे. कारागिरांनी स्वतः १ बारवर चाचणी घेतली होती, मीही घरी तेवढ्याच दाबावर अर्धा तास पाण्यात ठेवून पाहिले. बुडबुडा आला नाही.

२ नोव्हेंबर

पेटी बसवली. कोअरच्या चारही कडांना फोमची पट्टी लावली आहे, ज्यामुळे वारा कोअरच्या बाजूने निसटत नाही आणि कोअर पेटीत खडखडतही नाही. काचेकडे जाणाऱ्या लवचिक नळ्या जागोजागी फाटल्या होत्या, त्या बदलल्या.

केबल जुळवताना एका गोष्टीची काळजी घेतली. झडप आपल्या टोकाला आधी टेकली पाहिजे आणि डॅशबोर्डवरचा दांडा त्यानंतर आपल्या खाचेच्या शेवटाला पोचला पाहिजे. उलट झाले, तर दांडा शेवटाला पोचून थांबतो, चालकाला हीटर पूर्ण उघडला असे वाटते आणि झडप मात्र अर्धा सेंटिमीटर उघडी राहते. वेष्टणाची क्लिप अशा ठिकाणी पकडली की दांडा शेवटाला ढकलून सोडला असता तो २-३ मिलिमीटर मागे येतो. त्यावरून झडप फोमवर दाबून बसली आहे हे कळते. काढताना घातलेल्या रंगाच्या ठिपक्यांपासून ही जागा एका केबलवर बरीच सरकली, कारण फोमची जाडी आता पूर्वीसारखी झाली आहे.

दोन्ही रबरी नळ्या नव्या घातल्या. त्यांना आतल्या मडगार्डवर रबर लावलेल्या पट्टीने आधार दिला आहे आणि इंजिनाच्या हलण्यासाठी पट्टीपुढे थोडी ढील ठेवली आहे. क्लिपा नळी हाताने फिरणार नाही एवढ्याच आवळल्या.

३ नोव्हेंबर

कूलंट भरले. या गाडीच्या यंत्रणेत सुमारे १६ लिटर मावते. धुण्याचे शेवटचे पाणी डिस्टिल्ड वापरले होते, आणि बुचे उघडूनही इंजिनाच्या कानाकोपऱ्यांत काही लिटर पाणी राहतेच. आधीच अर्धे-अर्धे मिसळलेले कूलंट ओतले तर ते या पाण्याने पातळ होते. त्यामुळे आधी ८ लिटर निर्भेळ ग्लायकॉल ओतले आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरली. तांब्या-पितळेच्या आणि डागाच्या यंत्रणेसाठी जुन्या पद्धतीचे, सिलिकेट असलेले हिरवे कूलंट निवडले, जे दर दोन वर्षांनी बदलावे लागते. इंजिन चालून मिश्रण एकजीव झाल्यावर रिफ्रॅक्टोमीटरने (एका थेंबावरून मिश्रणाचे प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणाने) गोठणबिंदू उणे ३६ अंश दाखवला, म्हणजे प्रमाण जवळजवळ निम्मे-निम्मे बसले आहे.

हवा काढण्यासाठी गाडीची पुढची चाके रॅम्पवर चढवली, जेणेकरून रेडिएटरचे तोंड सर्वांत उंच राहील. कोअरची परतीची नळी इंजिनाच्या टोकाला सोडून तिच्यातून कूलंट हळूहळू ओतले आणि कोअर भरल्यावरच ती जोडली. कोअरमध्ये हवा अडकली तर डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्याचा आवाज येतो आणि हीटर मधूनच थंड पडतो. झाकण उघडे ठेवून इंजिन मंद चालवले. थर्मोस्टॅट उघडताच पातळी खाली गेली, ती भरून घेतली आणि बुडबुडे थांबल्यावर नवे झाकण लावले. जुन्या झाकणाचे रबर चिरलेले होते. १५ पीएसआयचा दाब टिकला तर कूलंटचा उत्कलनबिंदू २० अंशांहून अधिक वाढतो, आणि फाटलेल्या रबराबरोबर हा सगळा फायदा नाहीसा होतो.

१६ नोव्हेंबर

सकाळी बाहेर ६ अंश असताना गाडी काढली. पूर्ण तापल्यावर थर्मोस्टॅटच्या घरावर ९० अंश, कोअरकडे जाणाऱ्या नळीवर ८६ आणि परतीच्या नळीवर ७४ अंश मिळाले. दोन नळ्यांत थोडासाच फरक हे प्रवाह चांगला असल्याचे लक्षण आहे. परतीची नळी हाताला कोमट लागली असती तर कोअर पुन्हा तुंबत असल्याचे समजले असते. पायांजवळ येणारी हवा मधल्या वेगावर ५९ अंशांची होती. काचेवर मुद्दाम साचू दिलेले धुके झडप वळवताच खालून दोन पंख्यांच्या आकारात निघू लागले आणि थोड्याच वेळात वायपरच्या टप्प्यातली सगळी काच स्वच्छ झाली. काचेच्या आतल्या बाजूला तेलकट थर किंवा केबिनमध्ये गोडसर वास नाही, म्हणजे कोअर कोरडा आहे.

बाहेरच्या हवेच्या झडपेची केबल शेवटच्या टप्प्यात जड चालते. तिचे वेष्टण आतून गंजलेले असावे, तेल देऊनही फारसा फरक पडलेला नाही. ती पुढच्या आठवड्यात बदलीन. फायरवॉलवरच्या नळ्यांच्या क्लिपा काही वेळा तापून-निवून झाल्यावर पुन्हा एकदा तपासायच्या आहेत, आणि कूलंट बदलल्याची तारीख रेडिएटरच्या पुढच्या पट्टीवर लिहिलेल्या चिठ्ठीत नोंदवली आहे.